रोबोटिक्सचा उत्सव, नातवापासून आजीपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत, सोसायटीत, वाचनालयात किंवा गावच्या समाजमंदिरात रोबोटिक्सचा एखादा दिवस साजरा करायचा म्हटलं, की आयोजकांपासून पालकांपर्यंत सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: लोकांनी रोबो बघून परत जाऊ नये, स्वतःच्या हाताने काहीतरी जोडून जावं. आणि हे "लोक" म्हणजे फक्त शाळकरी मुलं नव्हेत.

असा उत्सव कुठे होतो तरी का?

होतो. अमेरिकेत २०१० पासून दर एप्रिलमध्ये राष्ट्रीय रोबोटिक्स सप्ताह असतो. त्या आठवड्यात विद्यापीठं, ग्रंथालयं, संग्रहालयं आपापले कार्यक्रम ठेवतात. कुणा एकाच्या परवानगीची वाट न बघता गावोगावी लोक आपल्याला झेपेल तेवढं करतात, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट. आपल्याकडे तर सार्वजनिक उत्सव कसा उभा करायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही. वर्गणी, मांडव, स्वयंसेवक, सगळी यंत्रणा तयार आहे.

रोबो नेमकं म्हणायचं कशाला? रिमोटची गाडी रोबो आहे का?

सोपी कसोटी अशी: यंत्राला आजूबाजूचं काही कळतं का, त्यावरून ते काही ठरवतं का, आणि ठरवल्यावर काही हलवतं का? तिन्ही असेल तर रोबो म्हणा. रिमोटच्या गाडीत ठरवणारे तुम्हीच असता, म्हणून ती अर्धी वाट चाललेली आहे. पुढे अंतर मोजणारा एक सेन्सर लावला आणि भिंत जवळ आल्यावर ती स्वतः थांबली, की झाला रोबो.

मुलांना आम्ही 'प्रज्ञान'चं उदाहरण देतो. चांद्रयान-३ मधली ती २६ किलोची, सहा चाकांची गाडी २७ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर चालत असताना पुढे ३ मीटरवर ४ मीटर रुंदीचा खड्डा दिसला. तिला आल्या वाटेने मागे फिरायचा आदेश दिला गेला आणि मग ती नव्या वाटेने निघाली. त्या वेळी आदेश पृथ्वीवरून गेला होता. मग मुलांना विचारायचं: आदेश गेलाच नसता तर? गाडीला स्वतःला काय काय कळायला हवं होतं? या एका प्रश्नावर सातवीचा वर्ग तासभर बोलतो, हा आमचा अनुभव आहे.

रोबोटिक्स हे परदेशी खूळ आहे, आपल्या मातीशी त्याचा काय संबंध?

हा प्रश्न बहुधा ज्येष्ठ मंडळी विचारतात. त्याचं उत्तर पुण्यातच घडून गेलं आहे.

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन ही निरनिराळ्या देशांतल्या दूरचित्रवाणी संस्थांची संघटना २००२ पासून 'रोबोकॉन' ही महाविद्यालयीन स्पर्धा घेते. पहिली टोकियोला झाली. या स्पर्धेचा सुंदर नियम असा, की दर वर्षी यजमान देश आपल्या संस्कृतीतला एखादा खेळ किंवा कथा निवडतो आणि त्यावरून रोबोंचा खेळ रचतो. २००८ मध्ये यजमानपद भारताकडे होतं आणि स्पर्धा पुण्यात झाली. खेळ कुठला निवडला होता? दहीहंडी! निरनिराळ्या देशांच्या संघांनी त्या वर्षी आपल्या गोविंदांचा खेळ समजून घेतला आणि हंडीपर्यंत पोचणारी यंत्रं बांधली. चीनचा संघ जिंकला.

२०१४ ला स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. या वेळचा विषय होता आईवडील आणि मूल. प्रत्येक संघाचे दोन रोबो, एक पालक आणि एक बाळ. पालक-रोबोने बाळ-रोबोला उचलून न्यायचं, सी-सॉवर बसवायचं, खांबांवरून चालवायचं, झोका द्यायचा, जंगल जिमवर चढवायचं. पालक-रोबो माणूस चालवत होता, बाळ-रोबो मात्र आपलं आपण काम करणारा. मुलाला किती धरायचं आणि कुठे सोडायचं, हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या मुलांनी मोटर आणि गिअरच्या भाषेत सोडवला. तंत्रज्ञानाच्या स्पर्धेतली इतकी मायेची कल्पना आम्हाला दुसरी माहीत नाही.

आणि २०२२ मध्ये दिल्लीच्या यजमानपदात खेळ होता लगोरी. एका संघाच्या रोबोने चेंडू मारून लगोरी फोडायची, मग पुन्हा रचायची, आणि दुसऱ्या संघाने ती रचू द्यायची नाही. गल्लीत लगोरी खेळलेल्या माणसाला हे नियम वेगळे सांगावे लागत नाहीत. उत्सवात या सामन्यांचे व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावा. मागच्या रांगेतले आजोबा "अरे, डावीकडून मार!" म्हणून ओरडायला लागतात, आणि रोबोटिक्स कुणाचं हा वाद तिथेच संपतो.

किती वर्षांच्या मुलाला यात घ्यावं?

चार वर्षांच्या मुलालाही, पण कामं वयानुसार द्यावीत. या वयात पडद्यावरचं कोडिंग नको. लहान मुलांसाठी दोन गोष्टी हमखास चालतात.

पहिली, ब्रशचा किडा. जुन्या दात घासायच्या ब्रशचं डोकं कापून घ्या. शक्यतो तिरप्या केसांचा ब्रश निवडा, तो जास्त छान पळतो. जुन्या मोबाइलमधली थरथरणारी छोटी मोटर डबल टेपने त्यावर चिकटवा, वर ३ व्होल्टचा बटण सेल बसवा आणि मोटरच्या दोन तारा सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवून टेप लावा. किडा गुळगुळीत टेबलावर तुरुतुरु पळायला लागतो. केस ज्या बाजूला झुकलेले असतात त्याच्या उलट दिशेला तो जातो. हे मुलांना सांगू नका, त्यांना शोधू द्या.

दुसरी, चित्रं काढणारा पेला. प्लॅस्टिकचा पेला उपडा ठेवायचा, कडेला तीन स्केचपेन पायांसारखे टेपने लावायचे, वर खेळण्यातली छोटी मोटर आणि दोन पेन्सिल सेल. मोटरच्या दांड्यावर खोडरबराचा तुकडा मुद्दाम मधोमध न खोचता एका बाजूला खोचायचा. तोल बिघडल्यामुळे पेला थरथरत गोल फिरतो आणि कागदावर वेटोळी उमटतात. जमिनीवर मोठा पांढरा कागद अंथरून असे दहा-बारा पेले सोडले, की एकाच वेळी सगळी पोरं गुडघ्यांवर बसलेली दिसतात. खोडरबर थोडं आत-बाहेर सरकवलं की नक्षी बदलते. एक गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, ही प्रयोगाची पहिली सवय इथे लागते.

यांत सेन्सर नाही, त्यामुळे वरच्या कसोटीने हे रोबो नव्हेत. चालेल. चार-पाच वर्षांच्या मुलाला व्याख्येपेक्षा मोटर भेटणं महत्त्वाचं.

एक कळकळीची सूचना: बटण सेल लहान मुलांच्या हाती मोकळा देऊ नका. तो गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते, आणि हे फार लवकर होतं. सेल नेहमी मोठ्या माणसाने बसवावा आणि टेप नीट गुंडाळावी. गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब रुग्णालय गाठायचं. पाच वर्षांखालची मुलं असतील तर किड्यासाठीही पेन्सिल सेलचा स्क्रूचा डबा वापरा आणि तारा थोड्या लांब ठेवा.

आठ-दहा वर्षांच्या पुढे काय?

रेषेवरून चालणारी गाडी आणि अडथळा चुकवणारी गाडी. या दोन गाड्यांमध्ये रोबोटिक्सची मुळाक्षरं येऊन जातात. अडथळा ओळखणारा सेन्सर माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. भिंत १ मीटरवर असेल तर आवाज जाऊन यायला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. नववीच्या पुस्तकातला प्रतिध्वनी असा हातात धरता येतो.

ज्येष्ठ नागरिकांना बोलवून काय करायचं? त्यांना यातलं काही कळत नाही.

हे वाक्य बहुधा त्यांच्या घरचेच लोक म्हणतात, आणि ते साफ चुकीचं आहे.

एका तालुक्याच्या गावी मुलांची गाडी चालताना कर्रर्र असा आवाज करत होती आणि मध्येच अडकत होती. मुलं प्रोग्राम तपासत बसली होती. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक आजोबा शेजारी उभे होते. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला, त्याचं टोक चालू गिअरबॉक्सवर टेकवलं आणि मुठीचा भाग कानाला लावला. डावी मोटर, उजवी मोटर, पुन्हा डावी. "डाव्यात दात तुटलाय," म्हणाले. गिअरबॉक्स उघडला, तर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चक्राचा एक दात खरोखरच गेलेला. मग मुलांनी प्रत्येकाने तो स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बघितला. पुढचा सगळा वेळ आजोबा त्या टेबलावरून हलले नाहीत, आणि संध्याकाळी त्याच मुलांनी त्यांना प्रोग्राममध्ये वेग कुठे बदलायचा ते दाखवलं. त्यांनी तो बदललाही.

रोबो म्हणजे निम्मं यंत्रकाम आहे. टर्नर, फिटर, वायरमन, घड्याळजी, शिलाई मशीन दुरुस्त करणारे, रेडिओ उघडून बसणारे, या पिढीच्या हातांत जे आहे ते आजच्या मुलांना शाळेत मिळत नाही. आयुष्यभर फॉल-पिको केलेल्या बाईंच्या हाताला सोल्डरिंग (तापलेल्या टोकाने धातू वितळवून तारा जोडणं) पटकन जमतं, कारण बारीक काम आणि न थरथरता धरलेलं टोक ही त्यांची रोजची गोष्ट असते. त्यांना पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसवून हार घालू नका. टेबलावर बसवा आणि समोर चांगला दिवा द्या. चष्म्याच्या जोडीला एक भिंगही ठेवा.

मला इंग्रजी येत नाही आणि कोडिंग तर अजिबात नाही. जमेल का?

जमेल. सुरुवातीला चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्राम करता येतो, टाइप करावं लागत नाही. त्याच्याही आधी कागदावर मराठीत लिहा: "समोर वीत-दीड वीत अंतरात काही आलं तर थांब. उजवीकडे बघ. डावीकडे बघ. जिथे जागा जास्त तिकडे वळ." हे लिहिता आलं म्हणजे अवघड भाग झाला. पुढचं काम त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करण्याचं, ते कॉलेजचा एखादा विद्यार्थी शेजारी बसून करून देतो आणि करता करता शिकवतो. मराठीत सूचना नीट लिहिणाऱ्या आजींचा प्रोग्राम घाईने टाइप करणाऱ्या नातवापेक्षा आधी चालतो, असं आम्ही बऱ्याचदा बघितलं आहे.

खर्च किती येतो?

ब्रशचा किडा आणि पेला जवळजवळ फुकटात. जुना मोबाइल, मोडकं खेळणं, टेप, सेल, झालं. अडथळा चुकवणाऱ्या गाडीला एक आर्डुइनो उनो किंवा तसाच बोर्ड (प्रोग्राम साठवून चालवणारा गाडीचा मेंदू), मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या सांगण्यावरून मोटरींना करंट देणारा), दोन बीओ मोटरी (गिअर बसवलेल्या छोट्या मोटरी) आणि चाकं, अंतराचा सेन्सर, तो डावी-उजवीकडे फिरवायला छोटी सर्व्हो मोटर, जोडायला जंपर वायर आणि सेलचा डबा लागतो. सगळं मिळून साधारण हजार ते दीड हजार रुपयांत बसतं. गाडीची पाटी विकत घेऊ नका, जुन्या सनमायक्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. चार-पाच जणांत एक गाडी असावी. प्रत्येकाला एक दिली तर कुणी कुणाशी बोलत नाही.

सामान कुठे मिळेल?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. बाकी ठिकाणी ऑनलाइन मागवावं लागतं, तेव्हा कार्यक्रमाच्या आधी पुरेसा वेळ ठेवा आणि प्रत्येक वस्तू एक-दोन जास्तच मागवा. सेन्सर आणि ड्रायव्हर हमखास जळतात. गावातल्या भंगारवाल्याकडेही चक्कर मारा. जुन्या प्रिंटरमध्ये आणि डीव्हीडी ड्राइव्हमध्ये उत्तम मोटरी, दांडे आणि गिअर असतात. प्रिंटर उघडणं हाच एक कार्यक्रम होऊ शकतो.

तयार किट घ्यावं का?

वेळ कमी असेल तर घ्या. पण ज्या किटमध्ये सगळं खटाखट बसतं, त्यात मुलाला एखादी वस्तू तिथेच का बसते याचा विचार करावा लागत नाही. आमचा कल सुट्या सामानाकडे आहे.

सगळं जोडलं, पण गाडी चालत नाही. काय बघायचं?

कार्यक्रमाच्या दिवशी सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

सर्वप्रथम सेल बघा. स्मोक अलार्ममध्ये असतो तो ९ व्होल्टचा चौकोनी सेल मोटरींसाठी निरुपयोगी आहे. व्होल्ट भरपूर दिसतात, पण मोटरीला लागणारा करंट तो देऊ शकत नाही. बोर्डचा दिवा लागतो, मोटर हुंकारते आणि बोर्ड पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होतो. पेन्सिल सेल पुरेशा संख्येने वापरा, किंवा मोठ्यांच्या देखरेखीखाली रिचार्जेबल लिथियम सेल.

मग ग्राउंड. मोटरींना वेगळी बॅटरी आणि बोर्डाला वेगळी असेल, तर दोन्हींची ऋण बाजू एकमेकांना जोडलेली हवी. ती नसली की सिग्नल कुठल्या पातळीपासून मोजायचा हेच ड्रायव्हरला कळत नाही आणि गाडी वेड्यासारखी वागते. अर्ध्याहून अधिक बंद गाड्या इथे सुरू होतात. मल्टिमीटर असेल तर तपासा, नसेल तर तार ओढून बघा.

गाडी जागच्या जागी गोल फिरत असेल तर एक मोटर उलटी लागली आहे. तिच्या दोन तारांची अदलाबदल करा, प्रोग्रामला हात लावू नका. एका बाजूला हळूहळू सरकत असेल तर दोन मोटरींचा वेग सारखा नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन मोटरी कधीच अगदी एकसारख्या नसतात. जास्त पळणारीचा वेग प्रोग्राममध्ये थोडा कमी करायचा.

रेषेची गाडी खोलीत छान चालली आणि अंगणात रेषा विसरली, तर दोष उन्हाचा. रेषा ओळखणारे सेन्सर अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश सोडून तो किती परत येतो ते बघतात, आणि उन्हात अवरक्त प्रकाश इतका असतो की सेन्सर आंधळे होतात. मांडवाखाली या, किंवा सेन्सरभोवती काळ्या कागदाची झालर लावा. चकचकीत काळी टेपही फसवते, मंद पृष्ठभागाची वापरा.

आणि मदतनीसांना विनंती: मुलाच्या हातातली गाडी काढून घेऊन दुरुस्त करून देऊ नका. बोट दाखवा, प्रश्न विचारा, थांबा.

सुरक्षिततेचं काय?

सोल्डरिंग आणि ग्लू गनची टेबलं वेगळी, भिंतीलगत, आणि तिथे कायम एक मोठा माणूस. कटर चालवताना डोळ्यांवर चष्मा. लिथियम सेल फुगलेला, दबलेला दिसला तर तो वापरायचाच नाही, आणि चार्जिंगला लावून कुणी घरी जायचं नाही. गर्दीवर ड्रोन उडवू नका. दाखवायचा असेल तर जाळी लावलेल्या जागेत.

मुली मागे राहतात, काय करावं?

मागे राहत नाहीत, मागे ठेवल्या जातात. संघात चार जण असले की मुलगे गाडीला हात घालतात आणि मुलीकडे वही, सजावट आणि पोस्टर येतं, तेही कुणी सांगितल्याशिवाय. म्हणून आम्ही ठरावीक वेळाने घंटा वाजवतो आणि कामं बदलतो: जोडणारा लिहिणारा होतो, लिहिणारी प्रोग्राम करते, प्रोग्राम करणारा चाचणी घेतो. हा नियम पहिल्याच मिनिटाला सगळ्यांसमोर सांगायचा आणि पाळायचा. आयांनाही हाच नियम. आपल्या मुलाला सोडायला आलेल्या आईला "तुम्ही पण बसा ना" एवढं म्हटलं तरी पुरतं. बहुतेक जणी बसतात.

दिसत नसलेल्या किंवा कमी दिसणाऱ्या मुलांना यात भाग घेता येतो का?

पूर्ण घेता येतो. अंतराच्या सेन्सरला बझर जोडला की वस्तू जितकी जवळ, तितका आवाज जलद. मूल हात पुढे-मागे करून अंतर ऐकू शकतं. याच तत्त्वावर आयआयटी दिल्लीत 'स्मार्टकेन' तयार झाली आहे: पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसवायचं उपकरण, जे गुडघ्याच्या वरचे अडथळे ओळखून कंपनाने कळवतं. साधी काठी जमिनीवरचं सांगते, पण लटकती फांदी किंवा उघडी खिडकी सांगू शकत नाही. ही अडचण अंध व्यक्तीच सर्वांत नेमकी सांगू शकते, म्हणून त्यांना निव्वळ वापरणारे न मानता रचना करणाऱ्यांत बसवा.

गुडघ्याचं ऑपरेशन रोबो करतो म्हणतात. मग डॉक्टर कुठे असतात?

ज्येष्ठांच्या टेबलावर हा प्रश्न येतोच. डॉक्टर तिथेच असतात आणि निर्णय त्यांचेच असतात. काही पद्धतींत आधी सीटी स्कॅनवरून हाड कुठे, किती कापायचं याचा आराखडा होतो. शल्यविशारद यांत्रिक हात धरून कापतात आणि आखलेल्या हद्दीबाहेर हत्यार जाऊ लागलं तर यंत्र अडवतं. पोटाच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर थोड्या अंतरावर बसून यांत्रिक हात चालवतात. तुमच्या गुडघ्याला ते हवं की नको, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

रोबो आमच्या मुलांच्या नोकऱ्या खाणार, आणि तुम्ही त्याचा उत्सव करता?

हा प्रश्न औद्योगिक पट्ट्यात, चाकण-भोसरीकडे, फार पोटतिडकीने विचारला जातो. तो टाळू नये, उलट त्यासाठी वेळ राखून ठेवावा. वेल्डिंग आणि रंगकामाच्या ओळीवरची काही कामं यंत्राकडे गेली आहेत, हे खरं आहे. ज्यांचं काम गेलं त्यांना "नवी कामं येतील" एवढं सांगून भागत नाही.

तरीही कुठली कामं यंत्राने घ्यावीत हे ठरवायचं असेल, तर लोकांना यंत्र कळलं पाहिजे. कारखान्यात लागलेला पहिला रोबो 'युनिमेट' १९६१ मध्ये जनरल मोटर्समध्ये आला, तो साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलण्यासाठी. आपल्याकडे केरळच्या जेनरोबोटिक्सने 'बँडिकूट' नावाचा मॅनहोल साफ करणारा रोबो केला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला कायद्याने बंदी असूनही माणसं तिथे गुदमरून मरत आली आहेत. ते काम यंत्राने घ्यावं, आणि ते यंत्र चालवण्याची नोकरी त्याच कामगाराला मिळावी, अशी मागणी करायला यंत्राची ओळख लागते. ही चर्चा मांडवातच, मुलांसमोर होऊ द्या.

शेतकरी कुटुंबांना यात काय रस?

मातीत ओल किती आहे ते बघून पंप चालू-बंद करणारं यंत्र गावच्या उत्सवात सर्वांत जास्त गर्दी खेचतं. दोन कुंड्या, एक छोटा पंप, एक ओलीचा सेन्सर. लगेच प्रश्न येतात: रात्री लाइट गेली तर? मोटर कोरडी चालली तर? काळ्या मातीत आकडा वेगळा येईल का? (येतो. आपल्या मातीप्रमाणे तो बसवून घ्यावा लागतो.) इतके कसदार प्रश्न आम्ही शहरी सोसायट्यांत क्वचित ऐकले आहेत.

शिवाय 'नमो ड्रोन दीदी' योजनेतून १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं आहे. जवळपास अशी प्रशिक्षित ताई असेल तर तिला बोलवा. ती बोलू लागली की गावातल्या मुलींना वेगळं व्याख्यान लागत नाही.

स्पर्धा ठेवावी का?

ठेवा, पण पहिल्याच वर्षी रोबो-युद्ध नको. त्यात ज्याच्याकडे पैसा जास्त त्याची मोटर जड, आणि बाकीचे प्रेक्षक. त्याऐवजी एक काम द्या: चेंडू टोपलीत नेणं, लगोरी रचणं, पाण्याचा पेला न सांडता दोन फूट नेणं. प्रत्येक संघात तीन पिढ्यांतला किमान एकेक जण असावा अशी अट घाला. घरचे नसतील तर शेजारचे. बक्षिसं वेगासाठी कमी आणि समजावून सांगण्यासाठी जास्त ठेवा.

एका दिवसाने गोडी लागली. पुढे कुठे जायचं?

शाळेत असाल तर आधी चौकशी करा की शाळेत किंवा जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का. नीती आयोगाच्या या योजनेत देशभर १०,००० शाळांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रयोगशाळा झाल्या आहेत. काही कुलुपात आहेत. मुख्याध्यापकांना भेटून ते कुलूप काढायला लावणं हे पालकांचं काम. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड आणि फर्स्ट लेगो लीग या शालेय वयाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या भारतात होतात. फर्स्ट लेगो लीग तर चार वर्षांच्या मुलांपासून सुरू होते.

कॉलेजात असाल तर रोबोकॉन आहेच, शिवाय आयआयटी मुंबईचा 'ई-यंत्र' उपक्रम आहे. त्याची स्पर्धा विनाशुल्क असते आणि मुलं तीत करता करता शिकतात.

आणि वयाची, डिग्रीची अट नको असेल तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ बघून या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करत शिकण्यासाठी. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर निघालेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणारी यंत्रं वापरून वस्तू करून बघायच्या कार्यशाळांपैकी) एक २००२ मध्ये या गावात उभी राहिली. घरी बसून सुरुवात करायची असेल, तर अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत असताना केलेली टाकाऊतून खेळणी इंटरनेटवर मोफत आहेत. सेल, चुंबक आणि तांब्याच्या तारेची त्यांची मोटर एकदा करून बघाच.

तारीख कुठली धरावी?

२३ ऑगस्ट, म्हणजे चांद्रयान-३ उतरलं तो राष्ट्रीय अंतराळ दिन, किंवा २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन. गणपतीच्या दहा दिवसांतला एक दिवसही उत्तम, मांडव आणि माणसं दोन्ही आयती मिळतात. परीक्षांचा काळ आणि लग्नसराई टाळा. गावात बाजाराच्या दिवशी ठेवलं तर आजूबाजूच्या वाड्यांवरचे लोकही येतात.

कार्यक्रमानंतर सामानाचं काय करायचं?

त्याच संध्याकाळी सगळे सेल डब्यांतून काढा. महिनोन्महिने आत राहिले तर गळतात आणि डब्याच्या पट्ट्या गंजतात. संपलेले सेल आणि जळालेले बोर्ड ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. चांगल्या मोटरी, सेन्सर, वायर वेगवेगळ्या डब्यांत, वर मराठीत नाव लिहून, वाचनालयाच्या किंवा शाळेच्या कपाटात ठेवा. पुस्तकासारखं नाव लिहून सामान घरी न्यायची सोय करा आणि किल्ली अशा माणसाकडे द्या जो रोज तिथे असतो.